पाण्यात बुडालेली गाडी: आधी किल्ली बाजूला ठेवा

ताई, तुमची गाडी सांगलीत घराखालच्या पार्किंगमध्ये दीड दिवस पाण्यात होती, पाणी सीटपर्यंत चढलं होतं, आता उतरलंय. शेजारचे म्हणतात, एकदा स्टार्टर मारून बघा, सुरू झाली तर इन्शुरन्सच्या फेऱ्या वाचतील. नका मारू. कोणी कितीही आग्रह केला तरी किल्ली लावूच नका.

2019 च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी 43 फूट), तेव्हा कोल्हापुरात नागाळा पार्कात माझी आणि थोरल्या भावाची गाडी शेजारी-शेजारी बुडाली. दोन्ही डिझेल. पाणी उतरल्यावर आईला दवाखान्यात न्यायचं होतं, म्हणून दादानं दुसरी बॅटरी जोडून स्टार्टर मारला. एकदाच ‘ठक्’ असा आवाज आला आणि इंजिन जाम. एअर फिल्टरच्या वाटेनं सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं होतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना अडतो आणि सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर येतो. इंजिन उघडल्यावर तो वाकलेला रॉड मी हातात घेऊन पाहिलाय. माझ्या गाडीला कोणी हात लावला नव्हता. मिस्त्रींनी आधी इंजेक्टर काढले, मग पान्यानं क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) हातानं फिरवला, तर भोकांतून गढूळ पाण्याच्या पिचकाऱ्या उडाल्या. ते इंजिन आजही चालू आहे.

तेव्हा आज एवढंच करा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. भिंतीवर पाण्याची रेघ उमटली असेल, ती आणि नंबर प्लेट एकाच फोटोत येईल असे फोटो काढा, आतले सीट आणि डॅशबोर्डही घ्या. धुवायच्या आधी. मग इन्शुरन्स कंपनीला फोन करून क्लेम नंबर घ्या आणि गाडी सपाट ट्रकवर चढवून न्यायला सांगा. दोरी बांधून ओढू नका, ऑटोमॅटिक असेल तर मुळीच नाही. कंपनीचा सर्व्हेअर (नुकसान तपासणारा माणूस) पाहून जाईपर्यंत गॅरेजवाल्याला काही खोलू देऊ नका.

पॉलिसी फुल असेल तर पुराचं नुकसान त्यात येतं, नुसत्या थर्ड पार्टीत येत नाही. पण बुडालेली गाडी चालू करायला गेल्यानं इंजिन फुटलं, तर साध्या फुल पॉलिसीत कंपनी ते सहसा नाकारते. त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर लागतं. दादाकडे ते नव्हतं. झिरो डेप (जुन्या भागांची घट न कापणारं जादा कव्हर) नसेल तर रबर, प्लास्टिक आणि बॅटरीचे निम्मे पैसे तुमच्या खिशातून जातील, हे धरूनच चला. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत लिहिलेल्या गाडीच्या किमतीच्या) 75 टक्क्यांच्या वर गेला तर टोटल लॉस धरतात, म्हणजे दुरुस्तीऐवजी गाडीचेच पैसे देतात. सीटपर्यंत पाणी आणि गाडी सात-आठ वर्षांची असेल, तर मी म्हणेन टोटल लॉसला नाही म्हणू नका. जीव अडकतो, मला कळतं, पहिली गाडी असते. फक्त कोऱ्या ट्रान्सफर फॉर्मवर सही करू नका आणि आरसी तुमच्या नावावरून उतरेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

दुरुस्त करायची ठरली, तर इंजिनापेक्षा जास्त लक्ष आतल्या गाळाकडे द्या. हे मी उशिरा शिकलो. वरून गालिचा कोरडा वाटत होता, म्हणून आम्ही उन्हात दारं उघडी ठेवली आणि समाधान मानलं. आठ महिन्यांनी एअरबॅगचा दिवा लागला. सीट काढून गालिचा उचलला, तर खालचा फोम अजून ओलसर, त्याखाली बोटभर चिकट गाळ आणि सीटखालच्या कनेक्टरच्या पिनांवर हिरवा थर. पुराचं पाणी म्हणजे नुसतं नदीचं पाणी नसतं, त्यात गटार असतं, सांडलेलं डिझेल असतं. म्हणून सीट, गालिचा, फोम सगळं बाहेर काढायला लावा, फोम नवा घाला, प्रत्येक कनेक्टर सोडवून साफ करून घ्या. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून पाहा. पट्ट्याच्या शेवटच्या वीतभर भागावर मातीची रेघ दिसली, तर आतलं रीळही बदला, त्यात काटकसर नको. ब्रेक ऑइल, गिअर ऑइल, एसीचा ब्लोअर, डिझेलची टाकी हे गॅरेजवाले करतीलच, तरी यादीत लिहून घ्या.

तोपर्यंत एक गोष्ट घरबसल्या बघता येईल. बोनेट उघडून ऑइलची डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) ओढा, पांढऱ्या फडक्यावर पुसा. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर पाणी इंजिनात गेलंय. नेहमीच्या रंगाचं दिसलं तरी स्टार्टर मारायचा नाही, सिलिंडरमधलं पाणी डिपस्टिकवर दिसत नाही. तेल कसं दिसतं आणि गाडी कोणत्या सालची, एवढं कळवा. सर्व्हेअरला काय दाखवायचं ते मग नीट सांगता येईल.