नुसत्या वासानेच जळजळ कशी होते?

प्रश्न: घरात वडे तळायला घेतले की एक घास खायच्या आधीच माझ्या पोटात जळजळ सुरू होते, आणि खाल्ले की संध्याकाळपर्यंत पोट जड. घरचे म्हणतात तुझ्या मनाचे खेळ आहेत. खरंच का? – एक वाचक, सांगली

उत्तर: नाही हो, मनाचे खेळ अजिबात नाहीत, घरच्यांना हे वाचून दाखवा. वास आला, तळणीचा आवाज आला की मेंदू व्हेगस नावाच्या नर्व्हमधून जठराला कळवतो आणि तोंडात काही जायच्या आधीच अ‍ॅसिड सुटायला लागतं, जेवणाच्या वेळच्या एकूण अ‍ॅसिडपैकी साधारण ३० टक्के या टप्प्यातलं असतं. रशियात पावलोव या शास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर ऑपरेशन करून अशी सोय केली की खाल्लेलं गळ्यातूनच बाहेर पडेल, जठरात कणही जाणार नाही, तरी जठरात रस सुटलाच, आणि व्हेगस कापल्यावर थांबला. त्यांना १९०४ चं नोबेल पचनावरच्या या कामासाठी मिळालं, पण लोकांना त्यांचा फक्त घंटा वाजली की कुत्र्याला लाळ सुटते तो प्रयोग आठवतो.

नर्व्हच्या जोडीला हॉर्मोन्स असतात. जठराच्या खालच्या भागातून गॅस्ट्रिन रक्तात जातं, फिरून परत जठरातच येतं आणि हिस्टामिन नावाच्या रसायनाकरवी अ‍ॅसिड वाढवतं. अ‍ॅसिड फार झालं की सोमॅटोस्टॅटिन हे दुसरं हॉर्मोन गॅस्ट्रिनला आवरतं, मला तर यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं, चालू करणारं आणि थांबवणारं दोन्ही तिथेच शेजारी शेजारी.

आता जडपणा. तेलकट घास लहान आतड्यात उतरला की तिथून कोलेसिस्टोकायनिन हे हॉर्मोन सुटतं, डॉक्टर लोक सीसीके म्हणतात. त्याने पित्ताशय आकुंचन पावतं आणि जठराचं खालचं दार आवळलं जातं, कारण चरबी पचवायला आतड्याला वेळ हवा असतो. म्हणून साधा वरणभात लवकर पुढे सरकतो आणि वडे तिथेच बसतात. शिवाय चरबीमुळे अन्ननलिकेच्या खालची झडपही सैल पडते, मग अ‍ॅसिड वर येतं, त्यामुळे वडे खाऊन लगेच आडवं होऊ नका.

एक मात्र आहे, वासाने अ‍ॅसिड सगळ्यांनाच सुटतं, जळजळ सगळ्यांना होत नाही. तुम्हाला नेहमीच होत असेल तर मेडिकलमधून गोळ्या आणून महिनोन्‌महिने घेत बसू नका, एकदा डॉक्टरांना दाखवा, आणि शौचाला काळं होणं, गिळताना अडकणं किंवा वजन उतरणं यातलं काहीही असेल तर लगेच जा.