सर्वांत मोठा बास गिटारिस्ट कोण: जेमरसन की जाको?

तुमचा प्रश्न असा: मित्रांमध्ये मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांवर बास वाजवणारा जेम्स जेमरसन की जॅझमधला जाको पास्टोरियस यावरून वाद पेटलाय, बहुमत जाकोकडे आहे आणि जेमरसनच्या गाण्यांत 'बास धड ऐकूच येत नाही' अशी तक्रार आहे. माझं मत जेमरसनला. पण ते का, हे सांगण्याआधी विचारतो: ही गाणी तुम्ही ऐकलीत कशावर?

बासची सगळ्यात जाड, ई ची तार मोकळी छेडली की मूळ सूर 41 हर्ट्झच्या (सेकंदाला 41 कंपनांच्या) आसपास लागतो. ए ची तार 55 ला. फोनच्या स्पीकरमधून दोन-तीनशे हर्ट्झच्या खालचं फारसं काही बाहेरच पडत नाही. कानापर्यंत येतात ते त्या सुराचे वरचे अंश, आणि खालचा सूर मेंदू अंदाजाने जुळवून घेतो. जाको ब्रिजजवळच्या (तारा जिथे गिटारच्या अंगावर टेकतात तिथल्या) पिकअपवर, म्हणजे तारांचं कंपन पकडणाऱ्या चुंबकावर, वाजवायचा, त्यामुळे त्याच्या आवाजात हे वरचे अंश भरपूर आहेत, फोनवरही तो ठसठशीत येतो. जेमरसनच्या तारा जुन्या, गुळगुळीत, वर स्पंजने दाबलेल्या. वरचे अंश मुळातच कमी, म्हणून फोनवर तो निम्मा नाहीसा होतो. तुमच्या वादाचा निकाल बऱ्याच अंशी स्पीकरनेच लावलाय.

लोकलमध्ये इअरफोन लावूनही हा प्रश्न सुटत नाही, कारण डब्याची घरघर नेमकी खालच्या पट्टीतली असते आणि ती बासलाच झाकते. घरी मोठा स्पीकर असेल तरी जागा बघून बसा. आपल्याकडच्या दहा बाय दहाच्या खोलीत भिंत ते भिंत जेमतेम तीन मीटर, आणि एवढ्या अंतरात 56 हर्ट्झच्या आसपास आवाज घुमतो, म्हणजे थेट ए च्या तारेवर. भिंतीला टेकून बसलात तर तो एक सूर ढमढमतो, खोलीच्या मधोमध बसलात तर तोच गळतो. सोपा उपाय म्हणजे रात्री, कान पूर्ण झाकणारे हेडफोन लावून ऐकणं.

मग स्टीव्ही वंडरचं 1968 चं 'फॉर वन्स इन माय लाइफ' लावा. त्यातला बास जेमरसनचा. पहिल्यांदा फक्त बास धरा आणि तोंडाने गुणगुणत जा. जेमरसन कुठेही एकच साचा घेऊन बसत नाही. एका कॉर्डवरून (एकत्र वाजणाऱ्या सूरसमूहावरून) दुसऱ्यावर जाताना अर्ध्या-अर्ध्या सुरांच्या पायऱ्या टाकतो, मध्येच मोकळी तार छेडून डाव्या हाताला पुढच्या जागी पोचायला वेळ मिळवतो. दुसऱ्यांदा फक्त गायकाकडे लक्ष द्या, तेव्हा लक्षात येईल की एवढी गर्दी करूनही बास गायकाच्या वाटेत येत नाही. तिसऱ्यांदा इक्वलायझरमध्ये 250 हर्ट्झपर्यंतचे स्लायडर तळाला न्या. गाणं तेच राहतं, पण त्यातली पुढे ढकलणारी ताकद निघून जाते.

आणि हे सगळं उजव्या हाताच्या एकाच तर्जनीने! बाकीची बोटं पिकअपवरच्या क्रोमच्या झाकणावर टेकलेली. 1962 चा फेंडर प्रिसिजन, ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवाउंड (बाहेरून सपाट, गुळगुळीत) तारा, त्याही सहसा न बदललेल्या, आणि ब्रिजच्या झाकणाखाली फोमची पट्टी. मूळचा तो उभा डबल बास वाजवणारा, म्हणून तारा फ्रेटबोर्डपासून (तारा दाबायच्या पट्टीपासून) उंच ठेवायचा. मोटाउन कंपनी रेकॉर्डवर वादकांची नावंच छापत नसे. 1971 मध्ये मार्व्हिन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर अखेर त्याचं नाव आलं. हिंदी सिनेसंगीतातही हेच झालं. आर. डी. बर्मनच्या गाण्यांतला बास लाखोंच्या कानात आहे, पण टोनी वाझ हे नाव किती जणांना माहीत आहे?

जाकोला कमी लेखायचं नाही. फ्रेट, म्हणजे फ्रेटबोर्डवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या, काढलेला 1962 चा जॅझ बास, त्यावर राउंडवाउंड (वेटोळ्यांच्या, खरबरीत) तारा, आणि त्या तारांनी लाकूड खरवडू नये म्हणून फ्रेटबोर्डवर बोटींना वापरतात त्या इपॉक्सीचा थर. फ्रेटलेसवर बोट फ्रेटच्या मागे नाही, तर जिथे फ्रेट असता त्या रेषेवरच ठेवावं लागतं. काही मिलिमीटर चुकलं तरी सूर बेसूर. 1976 च्या त्याच्या पहिल्या अल्बममधलं 'पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी' जवळजवळ सगळं हार्मोनिक्सवर, म्हणजे सुराच्या त्या वरच्या अंशांवर, उभं आहे. त्यासाठी तारेला चौथ्या फ्रेटच्या किंचित अलीकडे किंवा तिसऱ्याच्या किंचित पुढे नुसता स्पर्श करायचा, दाबायचं नाही. वाद्याची हद्द त्याने वाढवली, यात शंका नाही. पण त्याच्याच 'टीन टाउन'मध्ये बास हीच मुख्य चाल आहे, तिथे त्याच्याकडे लक्ष जाणारच. जेमरसन मागे राहून पूर्ण गाणं घडवतो आणि बासचं रोजचं काम तेच आहे. लॅरी ग्रॅहमचं अंगठ्याने तारा ठोकणं, कॅरल के हिचं पिकने (छोट्या पातीने) छेडणं, दोन्ही पहिल्या पाचात. पहिल्या जागेसाठी मात्र नाही.

तुमच्यापैकी कोणाकडे बास असेल तर खात्री हातानेच करून घ्या. भांडी घासायच्या स्पंजची सात सेंटिमीटर लांब, दीड सेंटिमीटर रुंद पट्टी कापा आणि ब्रिजला अगदी चिकटवून तारांखाली सरकवा. तारांना खालून जेमतेम टेकली पाहिजे. जाड झाली तर तारा वर उचलल्या जाऊन सूर चढतो, ब्रिजपासून पुढे सरकली तर सूरच उमटत नाही, नुसता ठोका येतो. टोनचा नॉब अर्ध्याच्या खाली ठेवा आणि फक्त तर्जनीने वाजवा.

हा आवाज आवडला तर फ्लॅटवाउंड तारा घाला. मुंबईत त्यांचा आणखी एक फायदा आहे: राउंडवाउंडच्या वेटोळ्यांत घाम आणि दमटपणा शिरून पावसाळ्यात आवाज लवकर मरतो, फ्लॅटवाउंड टिकतात. मात्र जाड फ्लॅटवाउंडचा ताण जास्त असतो, गिटारची मान (लांब दांडा) पुढे वाकते. पहिला आणि शेवटचा फ्रेट एकदम दाबून आठव्या फ्रेटपाशी तारेखालची फट बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जाईल एवढी, म्हणजे 0.3 मिलिमीटरच्या आसपास, हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली धातूची सळई) घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवा, एक रात्र जाऊ द्या, मग पुन्हा मोजा. त्या रॉडचा नट जड लागला तर जोर लावू नका, सरळ गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे न्या.