घाटात 1613 गरम होते, सपाटीला नाही. नेमकं कुठे बघायचं?

तुमची गाडी 2007 ची टाटा 1613, इंटरकूलरवाली (टर्बोतून इंजिनात जाणारी हवा थंड करणारी जाळी असलेली). सिवनीकडे भरून जाताना कुरई घाटात काटा लाल पट्टीत जातो, खवासापर्यंत मात्र काही त्रास नाही. मेकॅनिकने थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाकला, तरी 'गरम होऊनच राहिली', आणि आता तो वॉटर पंप बदलू म्हणतोय.

पंप सध्या राहू द्या भाऊ. आधी थर्मोस्टॅट परत बसवा. उन्हाळा आला की तो काढून फेकायची आपल्याकडे पद्धतच पडली आहे, पण बायपास (रेडिएटर टाळून पाणी परत पंपाकडे नेणारी वाट) असलेल्या इंजिनात ते उलटं पडतं. थर्मोस्टॅट उघडतो तेव्हा त्याची खालची चकती बायपासची वाट बंद करते. तोच नसला तर बरंचसं तापलेलं पाणी रेडिएटरला न जाता थेट पंपाकडे परत येतं. नवा घेतलात तरी बसवण्याआधी तपासा: दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा आणि पाणी तापवत न्या. 82-83 अंशांचा असेल तर त्याच्या आसपास हलायला लागतो आणि 95 पर्यंत पूर्ण उघडतो.

आता मूळ दुखणं. घाटात इंजिन सर्वात जास्त उष्णता काढतं आणि वेग 15-20 चा, म्हणजे समोरून वारा नाही. सगळा भार फॅनवर. म्हणून संशय दोनच: रेडिएटरच्या जाळीतून हवा जात नाही, किंवा त्याच्या नळ्यांतून पाणी जात नाही. हे ओळखायला हजार-दीड हजाराची तापमान मोजायची गन पुरते. वरच्या आणि खालच्या होजपाइपच्या धातूच्या तोंडांवर काळी चिकटपट्टी लावा (चकचकीत धातूवर गन खोटं सांगते). भरलेली गाडी चढावर तापली की सुरक्षित जागी थांबवा, इंजिन 1500 आरपीएमवर ठेवून लगेच दोन्हीकडे मोजा. फरक 5 ते 10 अंशांचा असावा. 20 च्या वर असेल तर पाणी कमी वाहतंय: नळ्या तुंबल्या, बेल्ट घसरतो किंवा पंप गेला. वर 100 आणि खालीही 97-98, तर पाणी ठीक, हवा कमी. याच गनने थर्मोस्टॅटच्या घरावरचं (हाउसिंगवरचं) तापमान काट्याशी ताडून बघा. जुन्या गाडीत सेन्सर किंवा अर्थिंग खराब असल्याने काटाच खोटा निघतो, हेही होतं.

हवेचं दुखणं बहुतेक वेळा इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत असतं. समोरून जाळी स्वच्छ दिसते आणि मागे कापसाची रुई, तणस नि डिझेल-ऑइलने चिकटलेली धूळ यांचा नमदा बसलेला असतो. इंटरकूलरचे बोल्ट काढून तो पुढे घ्या. साबणाचं पाणी मारून अर्धा तास मुरू द्या, मग इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने साध्या पाइपने धुवा. सर्व्हिस स्टेशनचा प्रेशर जवळून मारला की जाळीचे पातळ पंख वाकतात आणि ती जागा कायमची बंद होते. फॅनभोवतीचं कव्हर तुटलं असेल तर बसवा. ते नसेल तर फॅन तीच गरम हवा फिरवत बसतो. बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबल्यावर 10-12 मिलिमीटर दबावा. पुलीच्या खाचेचा तळ चकाकत असेल तर बेल्ट झिजून खाली टेकतोय, कितीही ताणला तरी घसरणारच.

पाणी अडत असेल तर आधी खालचा होज बघा. रेस दिल्यावर तो आत चिपकत असेल तर आतली स्प्रिंग गंजली आहे, होजच बदला. तसं नसेल तर नळ्यांत क्षार बसलाय. इथलं बोअरचं पाणी वर्षानुवर्षं ओतलं की दुसरं काही होणार नाही. रेडिएटर तांबे-पितळेचा असेल तर कारागीर झाळ सोडवून वरची टाकी उघडतो आणि नळ्यांतून पट्टी फिरवतो, तेच करा. नुसतं औषध टाकून जाड खपली निघत नाही. ॲल्युमिनियम-प्लॅस्टिकचा असेल तर नवाच घ्यावा लागतो. कुणी फरशी धुवायचं ॲसिड ओतू म्हणाला तर गाडी तिथून काढा.

भरताना एक चूक सगळे करतात. धुतल्यावर ब्लॉकमध्ये बरंच साधं पाणी उरतं, त्यामुळे वरून अर्धं-अर्धं मिश्रण ओतलं तर कूलंट कमी पडतं. म्हणून एकूण क्षमतेच्या निम्मं शुद्ध कूलंट आधी ओता आणि उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरा. रेडिएटरची कॅप गाडीला ठरवून दिलेल्या दाबाचीच हवी, रबर कडक झालं असेल तर नवी घ्या. कारण दर 1 पीएसआय (दाबाचं माप) दाबाला पाण्याचा उकळबिंदू साधारण दीड अंशाने वर जातो.

पहिल्या भरलेल्या फेरीनंतर इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच कॅप उघडून पातळी बघा. अर्धा-एक लीटर कमी झालं तर अडकलेली हवा निघाली, भरून टाका. दुसऱ्या फेरीलाही तेवढंच गेलं आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर थंड इंजिनाचा फॅन बेल्ट काढा, रेडिएटर काठोकाठ भरा, कॅप न लावता एक मिनिटच चालू करा आणि थोडी रेस द्या. तोंडाशी सारखे बुडबुडे येत राहिले तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतोय, हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) उघडायची तयारी ठेवा.