टायटॅनियमचं वेड आणि धातुशास्त्राची शाखा

नमस्कार,

भोसरीतल्या तुमच्या वर्कशॉपमध्ये इम्प्लांटच्या स्क्रूचं काम आलं आणि लेकीला टायटॅनियमने झपाटलं, असं तुम्ही लिहिलंय. सीईटीनंतर तिला मेटलर्जी घ्यायची आहे, तुम्हाला कॉम्प्युटर बरं वाटतंय.

माझं स्पष्ट मत: तिला मेटलर्जी घेऊ द्या. टायटॅनियम महाग का, टूल लवकर का झिजतं, हे तिला पडलेले प्रश्न त्याच शाखेचे आहेत.

विल्यम ग्रेगर या पाद्र्याला कॉर्नवॉलच्या काळ्या वाळूत हे मूलद्रव्य 1791 मध्ये सापडलं, पण शुद्ध धातू हाती यायला 1910 उजाडलं. टंचाई कधीच नव्हती. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही इल्मेनाइटची, म्हणजे टायटॅनियमच्या खनिजाची, वाळू आहे. अडचण होती ती धातू वेगळा काढण्याची. लोखंडासारखा कोळसा वापरावा तर कार्बाइड तयार होतं. तापल्यावर हवा लागली की तो ऑक्सिजन, नायट्रोजन शोषून ठिसूळ होतो. म्हणून विल्यम क्रोल या धातुशास्त्रज्ञाने आर्गॉन या निष्क्रिय वायूच्या वातावरणात मॅग्नेशियम वापरून टायटॅनियम टेट्राक्लोराइड या क्लोरीनच्या संयुगातून धातू काढला. आजही मुख्यतः हीच पद्धत चालते, केरळात चवऱ्यालासुद्धा. टायटॅनियम महाग का, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

पुढचं तुम्ही रोज बघता. ग्रेड फाइव्ह या टायटॅनियमच्या मिश्रधातूमध्ये 6 टक्के ॲल्युमिनियम, 4 टक्के व्हॅनेडियम. घनता साधारण 4.4 ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर, स्टीलची 7.8, ताकद मात्र कित्येक स्टील्सच्या तोडीची. उष्णता पटकन वाहून जात नाही, टूलच्या टोकाशीच साठते, म्हणून इन्सर्ट, म्हणजे टूलची बदलायची कापणारी टोकं, लवकर जातात. हाड या धातूला घट्ट धरतं, म्हणून तुमचे स्क्रू त्याचे.

नोकऱ्यांचं म्हणाल, तर कॉम्प्युटरइतक्या जागा नाहीत. पण पिंपरी-चिंचवड, चाकणच्या फोर्जिंग, फाउंड्री, हीट ट्रीटमेंटवाल्यांना मेटलर्जिस्ट लागतोच. शिवाय खास मिश्रधातू बनवणारी हैदराबादची सरकारी कंपनी मिधानी आहे, डीआरडीओ, इस्रो आहेत. तिला एक आत्ताच सांगा: अभ्यासात आणि नोकरीत बहुतेक वेळ स्टीलसोबतच जाईल. हे ऐकूनही ती ठाम असेल, तर प्रवेशाच्या कॅप राउंडला पुण्याच्या सीओईपी कॉलेजची मेटलर्जी पहिल्या पसंतीला टाका, कुठल्याशा कॉलेजच्या कॉम्प्युटरच्या आधी.

तोवर सुट्टीत तिला मशीनपाशी उभी करा, झिजलेले इन्सर्ट हातात द्या आणि कारणं तिलाच शोधू द्या. फक्त टायटॅनियमचा बारीक चुरा साठू देऊ नका. तो पेट घेतो, आणि त्यावर पाणी मारायचं नसतं. कोरड्या वाळूची बादली जवळ हवी.