पैसे सेटवर घालू की अँटेनावर?

प्रश्न : मी कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर राहतो. नुकताच हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना मिळाला. पाच वॅटच्या हँडहेल्डवर (हातात धरायच्या सेटवर) हडपसरचा मित्र घरातून लागत नाही. गच्चीत गेलं की तुटक ऐकू येतो. पंचवीस वॅटचा सेट घेऊ का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : एवढ्यात नको. गच्चीत मित्र ऐकू आला तेव्हा त्याचा सेट तोच, तुमचाही तोच. बदलली ती उंची. 144 ते 146 मेगाहर्ट्झच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात आणि मध्ये अख्खं शहर उभं आहे. पंचवीस वॅटनं तुमचा आवाज त्याच्याकडे जोरात पोचेल, पण त्याचा तुमच्याकडे होता तसाच येईल. गच्चीवर अँटेना लावलात तर बोलणं आणि ऐकणं दोन्ही सुधारेल.

ग्राउंड प्लेन अँटेना घरीच करा. तापकीर गल्लीत केबल जोडायचं सॉकेट मिळेल, त्याला तीन मिलिमीटरचे पितळी गज डाग द्या. मधला उभा 49 सेंटिमीटर, खालचे चार 51, पंचेचाळीस अंशांत खाली झुकलेले. उभा गज आधी दोन सेंटिमीटर जास्त ठेवा आणि एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती पॉवर परत फिरते ते दाखवणारा) बघत कानशीनं थोडा थोडा घासा. काटा दीडच्या खाली आला की हात थांबवा. घाई केलीत तर गज वाया जाईल.

केबलमध्ये मात्र काटकसर नको. पंधरा मीटर बारीक आरजी-58 केबल या फ्रिक्वेन्सीला जवळजवळ निम्मी पॉवर खाते, जाड आरजी-213 साधारण पाव. जाड केबल हँडहेल्डच्या चिमुकल्या सॉकेटला थेट लटकवू नका, मध्ये हातभर बारीक केबल घ्या.

सदाशिव पेठेतल्या माझ्या पहिल्या अँटेनाचा सिग्नल जुलैत रोज थोडा मंदावायचा. महिनाभर मी सेट उघडून बसलो होतो. शेवटी वरचा प्लग काढून केबल सोलली, तर तांब्याची जाळी वीतभर काळी-हिरवी पडलेली! जोडावर रबरी चिकटपट्टी ताणून गुंडाळा, पावसाळ्याआधीच. वळवाचे ढग दिसले की विजेच्या भीतीनं केबल सेटपासून सोडवून ठेवा.

मोठा सेट नंतर घ्यायचाच झाला तर तुमच्या परवान्यात किती पॉवरची मुभा आहे ते आधी वाचा. आणि एवढं करूनही हडपसर लागलं नाही, तर केबलची लांबी आणि एसडब्ल्यूआरचा आकडा मला कळवा.