इटालियन टँक खरंच पळपुटे होते का? १३२ व्या रेजिमेंटबद्दल थोडं सविस्तर

इटालियन रणगाड्यांना रिव्हर्स गिअरच जास्त असायचे हे कितपत खरं, आणि त्यांची एखादी टँक रेजिमेंट कधी भारतीय सैन्यासमोर आली होती का, असं विचारलंय. तो रिव्हर्स गिअरचा विनोद मला कधीच आवडला नाही, आफ्रिकेच्या वाळवंटात त्या डब्यांमध्ये जळून मेलेल्या पोरांवर तो फार मोठा अन्याय आहे. आणि दुसऱ्याचं उत्तर हो, आली होती. इटलीच्या आरिएते या चिलखती डिव्हिजनची १३२ वी टँक रेजिमेंट, तिच्याबद्दलच सांगतो म्हणजे दोन्ही उत्तरं मिळतील.

आरिएते १९४१ च्या सुरुवातीला लिबियात उतरली तेव्हा तिच्याकडे मुख्यतः एल-३ नावाचे छोटे रणगाडे होते, तीन टनांच्या आसपास वजन, दोन माणसं आणि नुसत्या मशीनगन. पुढे एम१३/४० आले आणि या मध्यम रणगाड्यांच्या बटालियन एकत्र करून सप्टेंबर १९४१ मध्ये १३२ वी उभी राहिली. एम१३ म्हणजे १४ टन, ४७ मिमीची तोफ, चार माणसं. तोफ त्या काळाच्या मानाने बरी होती पण इंजिन फक्त १२५ अश्वशक्तीचं डिझेल, त्यात रेती, त्यामुळे सतत दुरुस्ती. सगळ्यात वाईट म्हणजे चिलखताच्या प्लेटा वेल्डिंगने नाही तर रिव्हेटने जोडलेल्या, बाहेर गोळा बसला की रिव्हेट तुटून आतल्याच माणसांना लागायचे. सुरुवातीला बऱ्याच रणगाड्यांत रेडिओ पण नव्हता, कमांडर झेंडे दाखवून इशारे करायचे, आणि धुरळ्यात झेंडे कुणाला दिसणार?

असल्या सामानावर १९ नोव्हेंबर १९४१ ला बिर एल गुबीला काय झालं बघा. ब्रिटिशांची २२ वी आर्मर्ड ब्रिगेड नवे कोरे क्रुसेडर रणगाडे घेऊन सरळ चालून आली. समोर बेर्साल्येरी म्हणजे इटलीचं निवडक पायदळ खंदकात, टँकविरोधी तोफा, ट्रकवर चढवलेल्या १०२ मिमीच्या तोफा, आणि हल्ला तिथे अडकल्यावर १३२ व्या रेजिमेंटने प्रतिहल्ला केला. तिचे तीसेक रणगाडे गेले, ब्रिटिशांचे चाळीसच्या आसपास, आणि माघार ब्रिटिशांनी घेतली. पळपुट्यांचं काम आहे का हे?

आता भारताचा भाग. २७ मे १९४२, लिबियातली गझालाची लढाई, जर्मन सेनापती रोमेल रात्रीतून दक्षिणेकडून वळसा घालून आला. फ्रेंचांनी धरलेल्या बिर हकीम या ठाण्याच्या आग्नेयेला तिसरी भारतीय मोटर ब्रिगेड नुकतीच येऊन बसली होती, म्हणजे २ री रॉयल लान्सर्स, ११ वी पीएव्हीओ कॅव्हलरी आणि १८ वी कॅव्हलरी, सोबत फील्ड रेजिमेंटच्या तोफा. स्वतःचा एकही रणगाडा नाही. सकाळी ब्रिगेडियर फिलोज यांनी रेडिओवर कळवलं की समोर अख्खी जर्मन आर्मर्ड डिव्हिजन आहे, पण ती आरिएते होती. आपल्या तोफखान्याने थेट नेम धरून बरेच एम१३ फोडले, तरी शेवटी ठाणं चिरडलं गेलं आणि शेकडो जवान कैद झाले. त्यातल्या बऱ्याच जणांना पाणी नाही म्हणून पुढे वाळवंटातच सोडून दिलं, ते चालत बिर हकीमला फ्रेंचांकडे पोचले. १८ व्या कॅव्हलरीसोबत वॉल्टर कॉवन नावाचा निवृत्त ॲडमिरल होता, वय ७०, तो रिव्हॉल्व्हर घेऊन रणगाड्यावर गोळ्या झाडत होता आणि तसाच पकडला गेला. दोन्ही बाजूंनी जीव तोडून लढले हो.

त्याच सकाळी रेजिमेंटचा काही भाग बिर हकीमवर गेला आणि तिथे सुरुंग आणि फ्रेंच ७५ मिमी तोफांनी तीसच्या वर रणगाडे संपवले. प्रेस्तिसिमोने नावाचे बटालियन कमांडर एक रणगाडा गेला की दुसऱ्यात बसत शेवटी फ्रेंचांच्या हाती लागले.

शेवट इजिप्तमध्ये एल अलामेनला, ४ नोव्हेंबर १९४२. समोर पुन्हा तीच २२ वी ब्रिगेड, पण आता ७५ मिमी तोफांचे अमेरिकन ग्रँट रणगाडे घेऊन. एम१३ आणि त्याचा सुधारित भाऊ एम१४ यांची ४७ मिमी तोफ त्यांच्यापुढे काय करणार, लांबूनच एकेक टिपला गेला. दुपारचा शेवटचा रेडिओ संदेश असा की आपण वेढले गेलोय, आरिएतेचे रणगाडे लढताहेत. रोमेलने नंतर लिहिलं की ही आपली सगळ्यात जुनी इटालियन साथीदार, आणि असल्या हत्यारांवर जेवढं जमेल त्याहून जास्तच आपण तिच्याकडून मागत आलो. डिव्हिजन तिथेच संपली आणि रेजिमेंटही. आफ्रिकेतल्या कामगिरीबद्दल रेजिमेंटच्या ध्वजाला शौर्याचं सुवर्णपदक आहे, इटलीत यापेक्षा मोठं लष्करी पदक नाही.

युद्धानंतर रेजिमेंट पुन्हा उभी केली, मधे काही वर्षं नाव गेलं आणि १९९२ ला परत आलं. आज ती ईशान्य इटलीत पोर्देनोनेजवळ कोर्देनोन्सला असते आणि १२० मिमी तोफेचे आरिएते नावाचेच रणगाडे वापरते. आपल्याकडे २ री लान्सर्स आणि १८ वी कॅव्हलरी अजून भारतीय सैन्यात आहेत, ११ वी फाळणीत पाकिस्तानकडे गेली.