पांढरा वाघ आणि पांढरी शाई

प्रश्न : गोव्याच्या आयएनएस हंसा या नौदलाच्या हवाई तळावरच्या ३०० स्क्वाड्रनच्या सी हॅरियर या लढाऊ विमानाचं मॉडेल १/७२ मापात करायचंय. कोणतं किट घ्यावं? स्क्वाड्रनच्या चिन्हातल्या पांढऱ्या वाघाचं डिकल (पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायचं छापील चित्र) घरी छापता येईल का?

उत्तर : किट एफआरएस-१ या मूळ ब्रिटिश आवृत्तीचंच घ्या, आपलं एफआरएस-५१ तिच्यावरच बेतलेलं. नंतरच्या एफए-२ आवृत्तीचं नाक फुगीर असतं, ते तासत बसण्यात अर्थ नाही. किटातली साइडवाइंडर क्षेपणास्त्रं वगळा, आपल्या एफआरएस-५१वर फ्रेंच ‘मात्रा मॅजिक’ क्षेपणास्त्रं असत.

वाघाची अडचण वेगळी. घरचा इंकजेट पांढरा रंग छापतच नाही, म्हणून पांढरा डिकल-कागद वापरा. छपाईवर वार्निशचे दोन पातळ हात द्या, नाहीतर पाण्यात शाई पसरते. वाळल्यावर अगदी रेषेलगत कापा. कडा दिसल्याच तर विमानाच्या राखाडी रंगानं झाका. मॅट रंगावर थेट चिकटवू नका, खाली हवा अडकून चंदेरी डाग उमटतात. आधी ग्लॉस मारा. तरीही डाग राहिले, तर सुईनं टोचून सेटिंग सोल्यूशन (डिकल मऊ करून नीट बसवणारं द्रावण) सोडा.